मोहल्ल्याची वही कोण सांभाळणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



सोसायटी असो, मंडळ असो की मोहल्ला समिती, वार्षिक सभेतला शेवटचा विषय ठरलेला असतो : नवीन कार्यकारिणीची निवड. तोवर सभा चांगली रंगलेली असते. गटार, दिवे, पार्किंग, भटकी कुत्री, वर्गणीचा हिशेब, साऱ्या विषयांवर माणसे हिरिरीने बोललेली असतात. हा शेवटचा विषय पुकारला की एकदम शांतता पसरते. कुणी घड्याळ पाहतो, कुणाला गॅसवर दूध ठेवल्याचे आठवते, कुणी चपला शोधू लागतो. मग मागून एक आवाज येतो, “आहेत तेच राहू द्या की, चांगलं चाललंय.” टाळ्या वाजतात आणि अठरा वर्षे सचिव असलेला माणूस एकोणिसाव्या वर्षात प्रवेश करतो.

त्या टाळ्यांत कौतुक थोडे असते आणि आपण सुटलो याचा आनंद जास्त असतो. सचिवालाही ते कळते. पण तो गप्प बसतो, कारण वही खाली ठेवली तर उचलणारे कुणी नाही हे त्याला ठाऊक असते. आज मला या वहीविषयी बोलायचे आहे.

आमच्या मोहल्ल्यातल्या समितीचे सचिव एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. प्रवाशांनी दिलेले ‘मास्तर’ हे नाव त्यांना मोहल्ल्यातही चिकटले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले. समितीची कामे पाहिली तर किरकोळ वाटावीत. पावसाळ्याआधी नाला साफ करून घेणे, बंद पडलेल्या दिव्यांची तक्रार देणे, वर्षातून एक रक्तदान शिबिर, दहावीच्या मुलांना वह्या. पण एक काम असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. रात्री अकरा वाजता एखादी अफवा मोबाइलवरून फिरू लागते. कुठे कुणाला मारले, कुठे काय फेकले. अशा वेळी दोन्ही गल्ल्यांतली माणसे मास्तरांच्या दारात येतात. मास्तर चौकीला फोन करतात, पलीकडच्या गणेश मंडळाच्या अध्यक्षाला फोन करतात, खरे-खोटे करून घेतात आणि पोरांना घरी पाठवतात. हा फोन कुणी कुणाला करायचा, हे ज्या वस्तीत ठरलेले नाही त्या वस्तीची मला काळजी वाटते. म्हणून मास्तरांनी “आता मला मोकळं करा” असे म्हटले तेव्हा ती एका म्हाताऱ्या माणसाची तक्रार म्हणून सोडून देता येण्यासारखी गोष्ट नव्हती.

या फोनची किंमत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. भिवंडीत 1970 साली आणि पुन्हा 1984 साली भीषण दंगली झाल्या. पुढे 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. शांतता समिती हा प्रकार आपल्याकडे जुनाच. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात बैठक, ठरावीक प्रतिष्ठित चेहरे, चहा-बिस्किटे, फोटो. खोपडे यांच्या समित्यांचा भर वेगळ्या माणसांवर होता. गल्लीत राहणारी, यंत्रमागावर आणि दुकानात काम करणारी, दोन्ही समाजांची साधी माणसे त्यांत घेतली गेली. त्यांच्या नियमित बैठका व्हायच्या आणि त्यांत बहुधा धर्माचा विषय नसायचाच. नळाची भांडणे, शेजाऱ्यांची भांडणे, पैशांची देणी-घेणी असले विषय असायचे. लहान भांडण मिटवताना माणसे एकमेकांना ओळखू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच हा प्रश्न आहे : ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

मुंबईनेही त्यातून धडा घेतला. दंगलीनंतर तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे अशा मंडळींच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. वस्तीतली पोरे आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने हा त्या चळवळीचा एक गाजलेला उपक्रम. ज्या पोराला हवालदार दिसला की गल्ली बदलावीशी वाटे, तो त्याच हवालदाराला चेंडू टाकू लागला.

पण याच गोष्टीचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. अधिकारी बदलून जातो. ज्यांनी समिती उभी केली ती माणसे म्हातारी होतात, दुसरीकडे राहायला जातात, दगावतात. जुलै 2006 मध्ये भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलीस गोळीबारात दोघे गेले, त्याच रात्री दोन पोलिसांची हत्या झाली. हा दोन समाजांतला दंगा नव्हता. पण पोलीस आणि मोहल्ला यांच्यातला धागा किती विरला होता, ते त्या दिवशी दिसले. अशी समिती एकदा बांधली की कायमची उभी राहिली, असे होत नाही. दर पाच-सात वर्षांनी तिला नवी माणसे लागतात. ती शोधण्याचे काम समिती स्थापन करण्याइतकेच मोठे आहे आणि त्याचा समारंभ कुणी करत नाही.

मग माणसे पुढे का येत नाहीत? “आजकाल कुणाला वेळ नाही” हे उत्तर आपल्या तोंडात तयार असते. मला ते पटत नाही. 2020 च्या टाळेबंदीत काय झाले ते आठवा. वस्त्यावस्त्यांतून पोरे बाहेर पडली. कुणी रेशनच्या पिशव्या भरल्या, कुणी म्हाताऱ्यांची औषधे आणली, पुढे दुसऱ्या लाटेत कुणी ऑक्सिजनचे सिलिंडर खांद्यावरून वाहिले. जात-धर्म न विचारता अंत्यसंस्कार केले, तेही घरचे लोक जवळ जायला घाबरत होते तेव्हा. ही पोरे कुठल्याही सभेत हात वर करून निवडली गेली नव्हती. संकट ओसरले, आपण त्यांचे सत्कार केले, शाल-नारळ दिले आणि त्यांना घरी पाठवून दिले. त्यांची नावे एका कागदावर लिहून ठेवायची आणि दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जायचे, एवढे काम राहून गेले. आपल्याला हवे असलेले कार्यकर्ते आपल्या डोळ्यांसमोर होते.

तेव्हा वेळ हे खरे कारण नव्हे. मला दिसलेली कारणे अशी आहेत.

पहिले कारण बदनामीचे. आपल्याकडे वर्गणीला हात लावला की माणूस संशयित होतो. दहा वर्षे कुणी काम केले आणि एके दिवशी नवी मोटारसायकल घेतली की चहाच्या टपरीवर हिशेब सुरू होतो. कुटुंबवत्सल माणूस या भानगडीत पडत नाही, आणि त्याच्या घरची माणसे तर त्याला मुळीच पडू देत नाहीत.

दुसरे कारण, या कामाला शेवट नाही. नोकरीला निवृत्ती आहे, नगरसेवकाला मुदत आहे, सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या समितीलाही पाच वर्षांची मुदत आहे. मोहल्ल्याच्या सचिवाला मात्र मुदत नाही. अठरा वर्षांचा सचिव समोर बसलेला पाहून पंचविशीतला मुलगा एवढेच समजतो की हो म्हटले तर आपलीही अठरा वर्षे गेली.

तिसरे कारण, काम नेमके काय आहे ते कुणालाच माहीत नसते. जुना सचिव सगळे एकट्याने करतो. कोणत्या कार्यालयात कोणत्या टेबलावर जायचे, अर्जाची पोच कशी घ्यायची, कोणता मुकादम ऐकतो, सगळे त्याच्या डोक्यात. त्यात संस्था नोंदणीकृत असेल तर कागदांचा वेगळा गठ्ठा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. कित्येक संस्थांच्या दप्तरी आजही अशा माणसांची नावे आहेत की ज्यांच्या बरसीलाही वर्षे लोटली. नव्या माणसाने वही उघडली की पहिल्याच पानावर मागच्यांची थकबाकी दिसते. तो वही मिटून परत देतो, यात नवल नाही.

आणि शेवटचे, सगळ्यांत साधे कारण. त्यांना कुणी विचारलेलेच नसते. “कुणीतरी पुढे या” असे सभेत म्हणणे म्हणजे विचारणे नव्हे. ‘कुणीतरी’ नावाचा माणूस कोणत्याच मोहल्ल्यात राहत नाही.

आमच्या समितीच्या दोन सभा अशाच गेल्या. दुसऱ्या सभेला तर गणसंख्याच भरली नाही, अर्धा तास तहकूब करून तीच सात माणसे पुन्हा बसली. मग मास्तरांनी एक गोष्ट केली. कंडक्टरचा हिशेब कसा असतो, तुम्हाला ठाऊक असेल. ड्यूटी संपली की डेपोत जाऊन तिकिटांचा आणि पैशांचा मेळ घालायचा, रक्कम भरायची, मगच घरी जायचे. त्या सवयीने मास्तरांनी आपल्या कामाची यादी केली. वर्षभरात आपण काय काय करतो ते शाळेच्या दोनशे पानी वहीत लिहून काढले. यादी झाली तेव्हा लक्षात आले की हे एका माणसाचे काम नाहीच. नाला आणि कचरा हे एक काम. दिवे आणि पाण्याची तक्रार हे दुसरे. पैसे आणि पावत्या तिसरे. शाळेची मुले आणि शिबिर चौथे. पोलीस, मंडळे आणि अफवांचे फोन हे पाचवे. एका सचिवाची जागा भरायला कुणी तयार नव्हते. या पाच कामांना पाच माणसे शोधणे शक्य वाटू लागले.

मग आम्ही चौघे जण घरोघर गेलो. सभा बोलावली नाही. प्रत्येक घरी एकच प्रश्न : आपल्या गल्लीत अडचण आली की तुम्ही कुणाकडे जाता? समितीतल्या माणसांची नावे थोडी आली. जी आली ती आम्हाला चकित करणारी होती. शिवणक्लास चालवणाऱ्या एका बाईंचे नाव अकरा घरांनी घेतले. शाळेचे दाखले, रेशन कार्ड, दवाखान्याची कागदपत्रे, सगळ्या बाया त्यांच्याकडे जातात. समितीला हे माहीतच नव्हते. एका रिक्षावाल्याचे नाव आले, कारण रात्री-अपरात्री दवाखान्यात तोच नेतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातल्या मुलाचे नाव आले. पलीकडच्या गल्लीतल्या वायरमनचे आले, आणि तो तर गणेश मंडळाचा खजिनदार निघाला. ही माणसे आधीच काम करत होती, फक्त त्यांच्याकडे लेटरपॅड नव्हते.

शिवणक्लासवाल्या बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी एकच वाक्य ऐकवले, “भाईसाहेब, तुमची मीटिंग रात्री नऊ वाजता असते, तेव्हा आम्ही भाकऱ्या थापत असतो.” खरे होते. इशाची नमाज झाली की मशिदीशेजारच्या ओसरीवर बैठक, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. बाया तिथे येणार नाहीत आणि पलीकडच्या गल्लीतला वायरमनही संकोचेल, हे कुणाच्या मनातही आले नव्हते. कुणाला मनाई नव्हती, पण जागा आणि वेळ यांनीच निम्मा मोहल्ला बाहेर ठेवला होता. आता बैठक रविवारी दुपारी तीन वाजता अंगणवाडीच्या खोलीत होते. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सोसायट्यांच्या समित्यांतही राखीव जागा आहेत. कायदा जिथपर्यंत पोहोचला आहे तिथपर्यंत आमची ओसरी पोहोचली नव्हती.

पैशांच्या संशयावर उपाय बाईंनीच सुचवला. दर महिन्याच्या पाच तारखेला जमा आणि खर्च एका कागदावर लिहून किराणा दुकानाच्या दाराला चिकटवायचा. बँकेत दोघांच्या सह्या, त्यातली एक बाईमाणसाची. पाच रुपयांची खडूची पेटीसुद्धा त्या कागदावर येते. पहिल्या महिन्यात लोक गर्दी करून वाचत होते. आता फारसे कुणी वाचत नाही, आणि हे मला विश्वासाचे लक्षण वाटते.

मुदतही ठरवली. दोन वर्षे. दोन वर्षांनी वही दुसऱ्याकडे द्यायचीच, आवडली तरी. आणि शेवटचे सहा महिने पुढच्या माणसाला बरोबर घेऊन फिरायचे. नगरपालिकेच्या टेबलावर दोघांनी जायचे, म्हणजे चेहरा ओळखीचा होतो. “दोनच वर्षे” म्हटल्यावर ज्यांनी पूर्वी नकार दिला होता त्यांच्यातले दोघे हो म्हणाले.

सगळे सुरळीत झाले असे मी सांगणार नाही. मोबाइलच्या दुकानातला मुलगा तीन महिने उत्साहाने आला, मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. त्याच्या जागी अजून कुणी नाही. पाचवे काम, म्हणजे रात्रीच्या फोनचे, ते अजून मास्तरांकडेच आहे. रिक्षावाला आणि वायरमन दोघे मिळून ते शिकत आहेत. मास्तर म्हणतात, “गाडी चालू असताना कंडक्टर बदलायचा असेल, तर दोघांना थोडा वेळ एकाच गाडीत उभं राहावं लागतं.”

जुन्या माणसांनाही दोन शब्द सांगायला हवेत. मी कवितेच्या मैफलींत वावरणारा माणूस, म्हणून तिथलेच उदाहरण देतो. मुशायऱ्याचा एक रिवाज आहे. नवे शायर आधी वाचतात, ज्येष्ठ शेवटी. आणि ज्येष्ठ आपली पाळी येईपर्यंत मंचावर बसून असतात. ते ऐकतात, दाद देतात, एखादी ओळ पुन्हा म्हणायला लावतात. नवा पोरगा अडखळला तर त्याला धीर देतात. त्याच्या हातातला माइक कुणी काढून घेत नाही. आपल्या समित्यांत नेमके उलटे होते. ज्येष्ठ आधी तासभर बोलतात, मग उठून जातात आणि उरलेल्या दहा मिनिटांत तरुणांनी खुर्च्या उचलायच्या असतात. खुर्च्या उचलणाऱ्याला पंधरा वर्षांनी अचानक अध्यक्ष व्हा म्हटले तर तो कसा होईल? त्याला पहिल्याच वर्षी एक छोटे पण पूर्ण काम द्यावे, त्याचा खर्च त्याच्या हाती द्यावा, आणि ते आपल्यासारखे झाले नाही तरी गप्प बसावे. हे गप्प बसणे फार अवघड असते. मास्तरांना रक्तदान शिबिराचा मंडप पसंत नव्हता, ते दिवसभर ओठ दाबून बसले होते. शिबिर मात्र चांगले झाले.

पूर्वी कार्यकर्ते घडवणाऱ्या जागा पुष्कळ होत्या. गिरण्यांच्या युनियन होत्या, तालमी होत्या, सेवादलाच्या शाखा होत्या, वाचनालये होती. तिथे सतरंजी घालण्यापासून सुरुवात होई आणि माणूस हळूहळू सभा चालवायला शिके. त्यांतल्या बऱ्याच जागा आता बंद पडल्या किंवा नावाला उरल्या. गणेश मंडळे आहेत, मोहरमचे पंजे बसवणारी मंडळे आहेत, क्रिकेटचे संघ आहेत. तिथे आजही पंचवीस पोरे एका शब्दावर जमतात, हिशेब ठेवतात, परवाने काढतात. नेतृत्व तिथे तयार होते आहे. त्याला उरलेले अकरा महिने काम द्यायचे आहे.

आणि काम दिले नाही तर? सहकारी सोसायटीत समितीच बसली नाही तर निबंधक प्रशासक नेमू शकतात. बाहेरचा माणूस येतो, कारभार पाहतो, त्याचा खर्च सोसायटीवर पडतो. मोहल्ल्याला असा प्रशासक मिळत नाही. तिथली रिकामी जागा ज्याला हवी असते तो भरतो. कधी निवडणुकीपुरता येणारा दादा, कधी भडकवणारा एखादा मोबाइल नंबर. समिती बंद पडल्याचे कुणाला दिसत नाही, कारण नाला तुंबायला पावसाळा यावा लागतो आणि अफवेला एखादी रात्र.

म्हणून श्रोतेहो, एक विनंती. तुमच्या गल्लीत, इमारतीत, मंडळात गेली दहा-पंधरा वर्षे वही सांभाळणारा कुणी असेलच. येत्या रविवारी त्याच्याकडे जा. सत्कार नको, शाल नको. “तुमचं कोणतं एक काम मी सहा महिने करू?” एवढे विचारा. आणि तुम्ही स्वतःच ती वही सांभाळत असाल, तर आज रात्री कामांची यादी लिहायला घ्या आणि तिच्यातल्या पहिल्या कामापुढे एका शेजाऱ्याचे नाव लिहा. मग त्याच्या घरी जाऊन त्याला नावाने हाक मारा.